खारट विहिरीचा दुसरा भाग

आत्याला पालीची भयंकर भीती वाटते. भिंतीवर पाल दिसली की ती खुर्चीवर चढते आणि वहिनी झाडू घेऊन येईपर्यंत खाली उतरत नाही. आणि हीच आत्या घरात दोनशे चौदा भुताखेतांच्या कादंबऱ्या बाळगून आहे! रक्त पिणारे जमीनदार, भिंतीतून हात बाहेर काढणाऱ्या सवती, आरशात अडकलेले डॉक्टर, ढगांवर राज्य करणाऱ्या राण्या, अशी सगळी मंडळी तिच्या स्वयंपाकघरातल्या लोखंडी कपाटात, पिठाच्या डब्यांच्या वरच्या दोन फळ्यांवर, खाकी कव्हरं घालून गुण्यागोविंदाने राहतात.

"वन्सं, तुमची भुतं जरा सरकवा. मला साखर ठेवायचीय," असं वहिनी आठवड्यातून एकदा तरी म्हणतेच.

वहिनी म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला, त्याची मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेने गेली, आणि दोन खोल्यांच्या घरात या दोघी उरल्या. मुलं आत्या म्हणायची, म्हणून इमारतीतले सगळे आत्या म्हणू लागले. आता दूधवालाही आत्या म्हणतो, आणि तो तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे.

आत्याने एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. कानाला हेडफोन, समोर भोकांचा फळा, हातात वायरी. या गावचा माणूस त्या गावच्या माणसाला जोडून द्यायचा आणि दर तीन मिनिटांनी मध्ये तोंड घालून विचारायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" लोक कधी "वाढवा" म्हणत, कधी घाईघाईने "बरं, ठेवतो" म्हणत. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, कोण कुणाला काय म्हणालं, हे सगळं कानावर पडायचं आणि पोटात ठेवायचं. आत्याने ते इमानेइतबारे पोटात ठेवलं. तिला स्वतःला फोन करावा असं मात्र कुणी नव्हतं. लग्न जमलं नाही, मग जमवायचं राहून गेलं, आणि मग त्याबद्दल बोलायचंही राहून गेलं.

या कादंबऱ्या शंभरेक वर्षांपूर्वीच्या, गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या. त्या काळी असली पुस्तकं हलक्या कागदावर छापायचे, लोक ती वाचून फेकून द्यायचे. म्हणून तर आता ती मिळत नाहीत. आत्या रद्दीच्या दुकानात गेली की आधी पुस्तक नाकाशी नेते. कुबट वास असला तर चालतो, ओलीचा नाही. मग कसरीची भोकं बघते. पण या सगळ्याच्याही आधी ती पुस्तक उलटं करून शेवटचं पान बघते. शेवटचं पान असेल तरच पुढची बोलणी. नसेल तर पुस्तक कितीही दुर्मीळ असो, आत्या ते खाली ठेवते आणि चालू लागते. हा नियम तिने एकदाच मोडला होता, तेही नियम केला त्याच्या आधी. त्याची ही गोष्ट.

एक्स्चेंजच्या वाटेवर एक वर्गणीचं वाचनालय होतं. तिथले ग्रंथपाल मोठे हिशेबी. जाडजूड कादंबरी एकाच वाचकाने महिनाभर अडकवून ठेवली तर बाकीचे कुरकुरायचे, म्हणून ते अशी कादंबरी मधोमध कापून दोन भागांत बांधून घ्यायचे. हिरवं कापड, लाल कणा, कण्यावर भाग एक, भाग दोन. एकाने पहिला न्यावा, दुसऱ्याने दुसरा. पहिला भाग परत येईपर्यंत दुसरा भाग कुणी तिसराच घेऊन गेलेला असे, आणि अर्धं गाव अर्ध्या गोष्टी वाचून हळहळत असे. पुढे वाचनालय बंद पडलं आणि पुस्तकं सुतळीने गठ्ठे बांधून विकायला काढली. आत्याने एक गठ्ठा उचलला. घरी येऊन सोडला तर वर विणकामाची तीन पुस्तकं, आणि खाली, कुणी मुद्दाम लपवावी तशी, ‘खारट विहीर’, भाग दोन.

आत्याच्या तोंडाला पाणी सुटलं. या कादंबरीचं नाव तिने ऐकलं होतं, पण पाहिलेला माणूस भेटला नव्हता. पान एकशे एकसष्टपासून गोष्ट सुरू होत होती. एक मास्तर, एक विहीर, पोहरा खाली सोडला की पाण्याऐवजी पत्र वर येतं, आणि पत्रातलं अक्षर गावातल्याच कुणातरी जिवंत माणसाचं असतं. का येतं, केव्हापासून येतं, ते सगळं पहिल्या भागात. आत्याने बसल्या बैठकीला वाचून काढलं. पान तीनशे बारावर मास्तर शेवटचं पत्र उघडतात. "अक्षर पाहताच त्यांच्या हातातला कंदील थरथरला, कारण ते अक्षर" इथे पान संपलं. पुढचं पान नव्हतं. पुढे थेट पुठ्ठा!

आत्याने पुस्तक झटकलं, गठ्ठ्याचा कागद झटकला, विणकामाची पुस्तकं झटकली. मग ती चिडून रडली. त्या दिवसापासून शेवटचं पान आधी बघायचा नियम झाला.

त्यानंतर महिनाभरातच तिला चाळिशी लागली, म्हणजे जवळचं दिसेना. चार गल्ल्या सोडून एक अरुंद दुकान होतं, भिंतभर लाकडी खण आणि खणांत काचा. तिथले चष्मेवाले तिच्याच वयाचे, विधुर, अंगाने किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. जवळचं वाचायला ते कार्ड देत नसत, एखादं जुनं पुस्तक हातात ठेवत. त्यांनी आत्याच्या नाकावर काच चढवली आणि पुस्तक दिलं.

"वाचा, बाई."

आत्याने वाचलं, "विहिरीला पाणी होतं, पण गावात त्या पाण्याचं नाव कुणी घेत नसे." आणि तिने पुस्तक फिरवून कणा पाहिला. हिरवं कापड, लाल कणा, भाग एक.

"दुसरा भाग माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

चष्मेवाल्यांनी स्वतःचा चष्मा काढला आणि पुसायला घेतला. "शेवटासकट?"

आता खरं बोलायला काय हरकत होती? पण संग्राहकाची जात मोठी विचित्र. आपल्या पुस्तकाचं शेवटचं पान नाही हे दुसऱ्या संग्राहकाला सांगणं म्हणजे आपल्या मुलीच्या पायात दोष आहे हे व्याह्याला सांगण्यासारखं. आत्या ताठ बसली.

"शेवटासकट. शेवटची ओळ वाचून माझ्या हातातला चहा सांडला होता."

"हो का?" चष्मेवाले म्हणाले आणि पहिला भाग तिच्या हातातून हळूच काढून घेतला.

तिथून जे सुरू झालं ते तीस वर्षं चाललं. आत्या म्हणायची, तुमचा भाग महिनाभर द्या, मग माझा देते. चष्मेवाले म्हणायचे, आधी तुमचा. दुकानात समोरासमोर बसून वाचू म्हणावं तर आत्याचं पितळ उघडं पडणार, तेव्हा तिने त्याला साफ नकार दिला. विकत द्यायची गोष्ट दोघांनीही काढली आणि दोघांनीही उडवून लावली. दर वेळी निघताना आत्या शेवटाबद्दल काहीतरी तिखटमीठ लावून सांगायची. "असा शेवट मी दुसऱ्या कुठल्या कादंबरीत वाचला नाही." "अंगावर काटा येतो हो, अजून येतो." चष्मेवाले दर वेळी काच पुसत, दर वेळी "हो का?" म्हणत. त्या "हो का?"ने आत्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी येऊन ती वहिनीला सांगायची, "माणूस आहे की भिंत?"

"मग जाता कशाला?" वहिनी विचारायची.

"चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता."

"परत? वन्सं, दर पंधरा दिवसांनी?"

"हलका माल असतो हल्ली," आत्या म्हणायची आणि विषय बदलायची.

तीस वर्षांत दोघांचे केस पांढरे झाले, एक्स्चेंजमध्ये यंत्रं आली, आत्या निवृत्त झाली. मग एक दिवस ती दुकानात शिरली तर चष्मेवाले मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने तिच्याकडे बघत होते.

"बाई का? पावलं ओळखली."

डोळ्यांच्या पडद्याचा आजार. मधलं सगळं पुसट, कडेकडेचं तेवढं दिसतं. ज्या माणसाने अख्ख्या गावाला अक्षरं दाखवली त्याला आता एक अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांनी ते पाऊस पडतोय असं सांगावं तसं सांगितलं. दुकान आवरत होते. पुढच्या रविवारी मुलगी येणार होती, तिच्या गावी घेऊन जायला, कायमचं.

काहीतरी बोलावं म्हणून आत्याने तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी खण ओढला आणि पहिला भाग तिच्या पुढ्यात ठेवला.

"हा घ्या. उसना नाही, कायमचा."

"आणि अट?"

"अट नाही, विनंती. दुसरा भाग वाचून दाखवा. रोज दुपारी थोडा थोडा. रविवारच्या आत शेवटापर्यंत."

शेवटापर्यंत! आत्या पुस्तक छातीशी धरून घरी आली. तीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो पहिला भाग तिने त्याच दुपारी वाचला. दूध उतू गेलं, दारावरची घंटा दोनदा वाजली, तिला पत्ता नाही. वहिनीने ओटा पुसला आणि शेवटी समोर येऊन बसली.

"आता तर मिळालं ना? मग तोंड असं का?"

तेव्हा आत्याने तीस वर्षांत पहिल्यांदा कबूल केलं. शेवटचं पान नाही. कधीच नव्हतं. वहिनीने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"म्हणजे त्या माणसाला तुम्ही तीस वर्षं शेंडी लावलीत?"

"शेंडी काय, वहिनी. एकदा तोंडातून गेलं. मग मागे घेता येईना."

"आता सांगा की."

"आता? त्याचे डोळे गेल्यावर? त्याला वाटेल, ही बाई इतकी वर्षं खोटं बोलत होती."

"बोलतच होतात."

"तेच ना!" आत्या ओरडली आणि तिला रडू आलं. माणूस रविवारी जाणार आणि जाताना आपल्याला खोटारडी समजून जाणार, हे तिला सहन होईना.

सोमवारपासून वाचन सुरू झालं. दुकानाचं दार अर्धं ओढलेलं, खण निम्मे रिकामे, दोन खुर्च्या. आत्याचा आवाज सत्तरीतही स्वच्छ होता, एक्स्चेंजने घडवलेला. चष्मेवाले डोळे मिटून ऐकत. मास्तर दोरीला लटकून विहिरीत उतरतात तिथे ते खुर्चीची कड धरून बसले. सरपंचाचं पत्र वर येतं आणि सरपंच नेमके मागेच उभे असतात तिथे दोघंही इतके हसले की आत्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तीस वर्षांत त्यांनी एकमेकांना असं हसताना पाहिलं नव्हतं. रोज तासभर वाचायचं ठरलं होतं, रोज दोन तास होत. आणि रोज पानं कमी होत होती.

शनिवारी आत्या ठरवून निघाली. सगळं सांगायचं. पान नाही, माफ करा, संपलं. जिन्यात तिने दोनदा वाक्य म्हणून पाहिलं. पण दुकानात शिरली तर चष्मेवाले धुतलेला सदरा घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तसे बसले होते. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ताही उतरवला होता. आत्याने खुर्ची ओढली आणि पुस्तक उघडलं.

तिने वाचायला सुरुवात केली. तीनशे आठ, तीनशे दहा, तीनशे बारा. "अक्षर पाहताच त्यांच्या हातातला कंदील थरथरला, कारण ते अक्षर..." तिने नसलेलं पान उलटलं. समोर हिरवा पुठ्ठा. आत्या तसंच पुढे वाचू लागली.

"...समोरच्या घरातल्या बाईंचं होतं. पत्रात लिहिलं होतं: मास्तर, या विहिरीत न पाठवलेली पत्रं येतात. लोक लिहितात आणि मग धीर होत नाही. हे माझं. मी रोज तुमच्या दारावरून जाते. कधी घागर गळते म्हणून, कधी दोरी तुटली म्हणून. घागर गळत नाही, मास्तर. मीच ती दगडावर आपटते, म्हणजे तुमच्याकडे सांधायला आणता येईल..."

इथे आत्याच्या लक्षात आलं आपण काय बोलतोय ते. तिचे कान गरम झाले. पण थांबणार कशी? कादंबरी होती ना ती!

"...मास्तरांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. ते दोर धरून वर आले. समोरच्या घरात दिवा होता. त्यांनी दार वाजवलं. समाप्त."

तिने पुस्तक मिटलं.

"बाई," चष्मेवाले म्हणाले, "स्क्रू तुम्हीच ढिले करायचात ना?"

आत्याने चष्मा नाकावर सारखा केला.

"सुरीच्या टोकाने?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"खाचेवर ओरखडे असायचे. स्क्रू आपोआप ढिला झाला तर ओरखडे येत नाहीत. पहिल्या वर्षीच कळलं." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चष्म्याची एक जुनी डबी काढली, चाचपडत उघडली आणि त्यातून घडी घातलेलं एक पिवळं पान तिच्यापुढे धरलं. "आता हे वाचा. चाळीस-पन्नास वेळा वाचलंय मी, पण तुमच्या तोंडून ऐकू दे."

पान तीनशे तेरा. वर तोच जुना टाइप, तोच कागद. ग्रंथपालांच्या हाती कधीतरी हे सुटं पान लागलं असणार आणि त्यांनी ते घाईत दुसऱ्याऐवजी पहिल्या भागात खुपसून दिलं असणार. म्हणजे ते पहिल्या दिवसापासून या माणसाकडे होतं. "शेवटासकट?" असं त्याने विचारलं तेव्हाही!

तिने वाचलं. "...कुणाचं आहे हे कळण्याआधीच मास्तर दचकून जागे झाले. उशाशी कंदील विझला होता. विहीर नव्हती, पत्रं नव्हती. सारं स्वप्न होतं. समाप्त."

"एवढंच?"

"मागच्या बाजूला साबणाची जाहिरात आहे."

"स्वप्न?" आत्या खुर्चीतून उठलीच. "तीनशे पानं वाचायला लावून स्वप्न? आणि मी या फालतू शेवटाच्या बढाया मारत होते तीस वर्षं? आणि तुम्ही ऐकून घेत होतात! मी खोटं बोलतेय हे माहीत असून! एका शब्दाने बोलला नाहीत!"

"बोललो असतो तर तुम्ही पुन्हा आला नसता," चष्मेवाले म्हणाले. "पंधरा दिवस मोजायचो मी. बायको गेल्यावर दुकानात गिऱ्हाईकं यायची, माणूस कुणी यायचं नाही. तुम्ही यायचात. मला शेवट नको होता, बाई. तुम्ही यायला हव्या होतात."

आत्या परत खाली बसली. इतकी वर्षं लोकांची असली वाक्यं तिने हेडफोनमधून ऐकली होती आणि प्रत्येक वेळी ती दुसऱ्या कुणासाठी होती. हे वाक्य तिचं होतं. काय करायचं असतं अशा वेळी तिला कळेना, म्हणून तिने त्यांचा हात धरला.

"छापलेल्यापेक्षा तुमचा शेवट चांगला आहे," ते म्हणाले. "लिहून ठेवा."

"उद्या जाताय तुम्ही."

"जावं लागेल. पोरगी ऐकणार नाही. मला एकट्याला आता चहासुद्धा करता येत नाही." मग ते जरा हसले. "पण तिच्याकडे फोन आहे."

रविवारी ते गेले. आत्या स्टँडवर गेली नाही. वहिनी म्हणाली, जा. पण तिने घरी बसून आपला शेवट सुवाच्य अक्षरात लिहिला आणि दुसऱ्या भागाच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला. छापलेलं पान तिने त्यांनी दिलेल्या डबीतच ठेवलं. दोन्ही भाग तिने फळीवर शेजारी शेजारी लावले. त्यासाठी साखरेचा डबा खाली गेला आणि वहिनी त्यावर एक शब्द बोलली नाही.

सोमवारी दुपारी चारला फोन वाजला. आत्याने तो दुसऱ्या घंटेच्या आत उचलला. तिच्या मांडीवर आरशात अडकलेल्या डॉक्टरची कादंबरी तयारच होती, शेवटच्या पानासकट. वहिनी उगाच पिशवीतले मोजे उसवत दाराशी येऊन बसली. आत्या वाचू लागली. डॉक्टर आरशासमोर आला, आरशातला डॉक्टर मात्र आला नाही, आणि तिकडून चष्मेवाल्यांचा श्वास अडकलेला ऐकू आला. वाचता वाचता तिची नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली आणि एकतीस वर्षांच्या सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं.

"तीन मिनिटं झाली, वाढवू का?"

"वाढवा, बाई," चष्मेवाले म्हणाले. "वाढवत राहा."